अमाइडच्या नावाआधीची रेघ

कोल्हापूर

प्रिय मुली,

पॅरासिटामॉलचं नाव तू ‘४-अ‍ॅसिटामिडोफिनॉल’ लिहिलंस, पुस्तकात ‘एन-(४-हायड्रॉक्सीफिनाइल)इथेनामाइड’ निघालं, आणि शिवाजी विद्यापीठाच्या एम.एस्सी. प्रवेशाची तयारी ऐन रंगात असताना तुला अमाइडांचं, म्हणजे कार्बोनिलला नायट्रोजन जोडलेल्या संयुगांचं, सगळं नामकरणच मनमानी वाटायला लागलं. मनमानी काही नाही. तू थेट नाव लिहायला बसलीस, रचना फोडलीच नाहीस.

कार्बोनिलचा, म्हणजे ऑक्सिजनशी दुहेरी बंध असलेला, कार्बन शोध, त्याला जोडलेला नायट्रोजन शोध आणि त्या दोघांमधल्या बंधावर पेन्सिलीनं रेघ मार. कार्बोनिलकडचा तुकडा आम्लाचा; मूळ नाव त्याचं. नायट्रोजनवर जे काही लटकलंय ते ‘एन-’ (नायट्रोजनची खूण) लावून आधी यायचं. रेघ मारल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही.

ही रेघ माझी लहर नव्हे. इथेनामाइड, म्हणजे दोन कार्बनचं साधं अमाइड, १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळलं की अमोनियाचा वास येतो, ओला तांबडा लिटमस निळा होतो, हे तू प्रॅक्टिकलला पाहिलंयस. बंध तुटतो तो तिथंच. रेणू जिथं तुटतो तिथंच नावही तुटतं, हे अकरावीलाच सांगायला हवं. त्याऐवजी आपण पोरांना प्रत्ययांचा तक्ता घोकायला लावतो, याची मला फार खंत आहे.

आता तुझी चूक. अमाइडचा मान फिनॉलपेक्षा वरचा. क्रम असा: आम्ल, एस्टर, अमाइड, नायट्राइल, अल्डिहाइड, कीटोन, मग अल्कोहोल आणि फिनॉल, शेवटी अमाइन. म्हणून पॅरासिटामॉलमधला ओएच ‘हायड्रॉक्सी’ होऊन नावात आधी बसतो आणि शेवट अमाइडचाच राहतो. ‘अ‍ॅसिटामाइड’ इथेनामाइडऐवजी लिहिलंस तरी बरोबरच. रासायनिक नावांचे नियम ठरवणाऱ्या आययूपॅक या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१३ च्या शिफारशींत तेच पसंतीचं आहे.

दुसरी चूक तुझ्या वहीत तीनदा दिसली. अ‍ॅसिटाइल गट (कार्बोनिल धरून दोन कार्बनचा) आणि त्याला जोडलेल्या नायट्रोजनवर ब्युटिल असलं, की तू चार कार्बनची लांब साखळी बघून ‘ब्युटेन’ लिहितेस. अगं, ते चार कार्बन रेघेच्या पलीकडचे! साखळी मोजायची ती कार्बोनिलच्या कार्बनपासून, तोच क्रमांक १. उत्तर एन-ब्युटिलइथेनामाइड. नायट्रोजनवर दोन वेगळे गट असले तर इंग्रजी वर्णक्रम लाव: एन-इथाइल-एन-मिथाइलब्युटेनामाइड. एक मिथाइल नायट्रोजनवर आणि एक तिसऱ्या कार्बनवर असेल तर एन,३-डायमिथाइलब्युटेनामाइड; अक्षर आकड्याच्या आधी.

कार्बोनिल वलयाला बाहेरून जोडलेलं असेल तर ‘सायक्लोहेक्झेनामाइड’ लिहू नकोस. सायक्लोहेक्झेनकार्बोक्झामाइड लिही, कार्बोनिलचा कार्बन प्रत्ययातच आला, वलयाच्या क्रमांकांत तो धरायचा नाही. निकोटिनामाइड म्हणूनच पिरिडीन-३-कार्बोक्झामाइड. बेन्झिनला मात्र बेन्झामाइड चालतं.

आम्लगटही असेल तर अमाइड खाली उतरतं, आणि इथं रेघ नसेल तर गोंधळ ठरलेला. मूळ वलय नायट्रोजनकडे असेल तर ‘अमिडो’: ४-अ‍ॅसिटामिडोबेन्झोइक आम्ल. वलय कार्बोनिलकडे असेल तर ‘कार्बामॉइल’: ४-कार्बामॉइलबेन्झोइक आम्ल.

रेघ मारूनही दोन तुकडे पडले नाहीत, तर ते लॅक्टम, म्हणजे वलयातच बांधलेलं अमाइड. त्याला वलयाचं नाव आणि शेवटी ‘ओन’: नायलॉन-६ ज्यापासून बनतं ते कॅप्रोलॅक्टम म्हणजे अ‍ॅझेपॅन-२-ओन.

केमड्रॉ हे रचना काढायचं सॉफ्टवेअर नाव देतं, मग एवढी हमाली कशाला, असं विचारशील. केमड्रॉ तू काढलेल्या रचनेला नाव देतं. मिथाइल नायट्रोजनवर काढायचा तो कार्बनवर काढलास, तर चुकीच्या रेणूचं बिनचूक नाव मिळेल. उद्या गोकुळ शिरगावच्या एखाद्या कंपनीत क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला) लागलीस आणि एन,एन-डायमिथाइलफॉर्मामाइडचा ड्रम समोर आला, तर नुसतं लेबल वाचून रचना डोळ्यांपुढे यायला हवी. मला हेकट म्हणणारे म्हणोत, मी रेघ सोडणार नाही.

आता सरावाला लिडोकेन, म्हणजे बधिर करायचं औषध, घे. त्यात नायट्रोजन दोन आहेत, पण कार्बोनिलला चिकटलेला एकच. दुसरा साधा अमाइन आहे, त्याला ‘एन-’ देऊ नकोस. तो दुसऱ्या कार्बनवरचा डायइथाइलअमिनो. उत्तर २-(डायइथाइलअमिनो)-एन-(२,६-डायमिथाइलफिनाइल)इथेनामाइड यायला हवं. मला नुसतं नाव पाठवू नकोस, रेघ मारलेली रचना पाठव.