वेळापत्रक पोस्टमध्ये का हरवतं?

प्रश्न: आमच्या वाचनालयाची साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर) आहे. वेळा आणि वर्गणी मी टाकते, पण व्याख्यानाच्या दोन बातम्या आल्या की ती माहिती खाली ढकलली जाते. सभासद फोन करून विचारत राहतात. दर महिन्याला पुन्हा टाकायची का?
– एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा

उत्तर: नाही ताई, पुन्हा टाकू नका. तुम्ही ती 'पोस्ट' म्हणून टाकताय. पोस्ट तारखेप्रमाणे रचल्या जातात, नवी आली की जुनी खाली. वर्डप्रेस २००३ मध्ये निघालं ते ब्लॉगसाठीच. स्थिर पानांची सोय २००५ मध्ये, १.५ आवृत्तीत आली. वेळा, वर्गणी, पत्ता या गोष्टींना 'पेज'च हवं. साइटवर लॉग-इन केल्यावर दिसणाऱ्या डाव्या पट्टीतल्या 'पेजेस'मध्ये नवं पान उघडा, मजकूर भरा, प्रकाशित करा. मग ते साइटच्या मेन्यूत, म्हणजे पानांच्या दुव्यांच्या यादीत, आलंय का, हे पाहाच. बहुतेकदा ते आपणच जोडावं लागतं, आणि काम इथेच अडतं.

प्रकाशित करण्याआधी पानाचा वेब-पत्ताही (लिंक) तपासा. शीर्षक मराठी असलं तर पत्ताही देवनागरीत बनतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना टक्केचिन्हांची लांबलचक माळ होते. आमच्या शाळेच्या साइटवर हे झालं, तेव्हा आजोबा मंडळींना ती लिंकच वाटेना. म्हणून तिथे छोटा रोमन शब्द द्या, आणि पत्रकांवर एकदा छापला की बदलू नका. जुना पत्ता पुढे चालेलच असं नाही.

वर्गणी वाढली तर त्याच पानातला आकडा बदला. नवं पान नको.