३,९०० डॉलरच्या डिपॉझिटसाठी फेडरल कोर्टात जाऊ का?

तुमचा मेल वाचला. जर्सी सिटीतलं भाड्याचं घर सोडून तुम्ही डॅलसला शिफ्ट झालात, भाडं २,६००, डिपॉझिट दीड महिन्याचं म्हणजे ३,९०० डॉलर, आता चार महिने झाले तरी घरमालक दमडी देत नाही, कशाचे पैसे कापले ते पण सांगत नाही, फोन तर उचलतच नाही. आणि तुमचा रूममेट म्हणतोय की तू एच-वन-बी व्हिसावर, मालक दुसऱ्या राज्यात, तर सरळ फेडरल म्हणजे केंद्राच्या कोर्टात केस टाक, वरचं कोर्ट आहे, घाबरेल.

ते "वरचं कोर्ट" आधी डोक्यातून काढा. ही आपल्याकडची सवय, मी पण पुण्यात प्रॅक्टिस करून इकडे आले तेव्हा अशीच गोंधळलेले. तिकडे जिना एकच, पुण्याच्या कोर्टात केंद्राचा १८७२ चा कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट पण चालतो आणि महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा पण, तिथून मुंबई हायकोर्ट, तिथून दिल्ली. इथे दोन जिने शेजारी शेजारी आहेत. न्यू जर्सीचा स्वतःचा म्हणजे सुपिरिअर कोर्ट, त्याचंच अपील ऐकणारं अपेलेट डिव्हिजन, मग राज्याचं सुप्रीम कोर्ट. फेडरलचा वेगळा, नुअर्क, ट्रेंटन, कॅम्डेनला बसणारं डिस्ट्रिक्ट कोर्ट, मग फिलाडेल्फियाचं थर्ड सर्किट हे अपील कोर्ट, मग वॉशिंग्टनचं अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट. आणि गंमत म्हणजे राज्याच्या कायद्याचा अर्थ काय, यावर राज्याच्या सुप्रीम कोर्टाचा शब्द शेवटचा, त्यात फेडरल कायद्याचा किंवा अमेरिकेच्या राज्यघटनेचा मुद्दा नसेल तर वॉशिंग्टनचे नऊ जज पण हात घालत नाहीत.

आता तुमचं. डिपॉझिटचा कायदा न्यू जर्सीचा, त्यामुळे फेडरल कायद्याचा प्रश्न म्हणून आत जाता येणार नाही. दुसरा रस्ता म्हणजे दोन पार्ट्या वेगवेगळ्या राज्यांच्या किंवा एक परदेशी नागरिक. त्यात तुम्ही बसता, रूममेट तेवढ्यापुरता बरोबर आहे. (तुमच्याकडे ग्रीन कार्ड असतं आणि तुम्ही अजून जर्सीतच राहत असता तर हे पण गेलं असतं.) पण रक्कम ७५,००० डॉलरच्या वर लागते! मनस्तापाचे लाखभर लावू का असं विचारलंय तुम्ही, तर नका लावू, फेडरल जज समोरच्याने काही म्हटलं नाही तरी स्वतःहून तपासतात की ही केस आपल्याकडे बसते का, आणि ओढून ताणून फुगवलेला आकडा लगेच दिसतो. शिवाय आत गेलात तरी कायदा न्यू जर्सीचाच लावतील, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या १९३८ च्या एरी रेलरोड केसमधल्या निकालापासून तसंच चालू आहे, मग मिळवलं काय?

टेक्सासमध्ये पण टाकू नका. मालकाचा टेक्सासशी काडीचा संबंध नाही, तिथल्या कोर्टाचा त्याच्यावर हात पोचत नाही.

केस हडसन काउंटीच्या सुपिरिअर कोर्टातच टाकायची, स्पेशल सिव्हिल पार्टमध्ये, म्हणजे लहान रकमांचे दिवाणी दावे चालवणाऱ्या विभागात. घर सोडल्यावर ३० दिवसांत डिपॉझिट व्याजासकट आणि कापलेल्या पैशांची यादी द्यायची हा मालकावर नियम आहे, मोडला तर चुकीने अडवलेल्या रकमेच्या दुप्पट मागता येते. म्हणजे ७,८००. त्यातल्याच सगळ्यात छोट्या दाव्यांच्या भागाची, स्मॉल क्लेम्सची, लिमिट ५,००० आहे, तिथे गेलात तर वरचे सोडावे लागतील, म्हणून २०,००० पर्यंतचं रेग्युलर स्पेशल सिव्हिल घ्या. वकील लागत नाही, मी हे माझ्याच पोटावर पाय देऊन सांगतेय. लीज, डिपॉझिटच्या चेकचा फोटो, घर सोडतानाचे फोटो, नवीन पत्ता कळवल्याचा मेसेज, एवढं एका फाइलमध्ये ठेवा.

पण एक गोष्ट खटकली. मेलमध्ये जाता जाता लिहिलंय, "खाली मालकाकडे चावी देऊन निघालो". मालक त्याच बिल्डिंगमध्ये राहतो का, आणि भाड्याची घरं तिथे किती? दोन किंवा कमी असतील आणि हा कायदा लागू करा अशी लेखी ३० दिवसांची नोटीस तुम्ही कधी दिली नसेल, तर दुप्पटचं विसरा, मग फक्त लीजप्रमाणे ३,९०० मागायचे आणि त्याला स्मॉल क्लेम्स पुरतं. तेवढं कळवा, मग कुठला फॉर्म भरायचा ते सांगते.