तो डॉक्टरकडे यायला तयारच नाही, मग सगळ्यांनी मिळून त्याला समोर बसवू का?

दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांकडून हा प्रश्न मला सारखा येतो. घरचे म्हणतात, मॅडम, त्याला मान्यच नाही कि त्याला काही प्रॉब्लेम आहे, तर रविवारी मामा येतायत, मोठे दीर येतायत, सगळे बसून एकदाच काय ते सांगून टाकतो, तुम्ही पण या म्हणजे त्याला पटेल. मी सहसा जात नाही. का जात नाही ते एका घरावरून सांगते, तपशील बदललेत.

बडोद्यातलंच मराठी घर, दांडिया बाजारात पिढ्यानपिढ्या राहणारं. सासूसून दोघी आल्या. मुलगा मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) कामाला, दारू आठ-दहा वर्षांची, आता सकाळी उठल्या उठल्या हात थरथरतात आणि घोटभर पोटात गेल्याशिवाय दाढीसुद्धा करता येत नाही. बोलता बोलता काकूंनी पर्समधनं भाजीच्या पिशवीत गुंडाळलेली एक पुडी काढली. ऑनलाइन मागवलेली, वर लिहिलेलं 'नकळत दारू सोडवा', आत काय आहे ते मात्र कुठेच नाही. दुपारच्या ताकात घालू का, विचारत होत्या.

मी म्हटलं, काकू, हे अजिबात करू नका. डायसल्फिरॅम नावाचं एक खरं औषध आहे, ते घेतलेल्या माणसाच्या पोटात दारू गेली कि चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी खाली जातं, कधी जिवावरही बेततं. ज्याला माहितीच नाही कि आपण हे घेतलंय तो संध्याकाळी नेहमीसारखा पिणारच ना? म्हणून ते पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच देतात. आणि तुमच्या पुडीत तर तेच आहे का भलतंच काही, हे देखील कळायला मार्ग नाही.

बडोद्यात अजून एक भीती असते जी पुण्यामुंबईच्या घरांत नसते. गुजरातमध्ये दारूबंदी, पिणं हाच गुन्हा, त्यामुळे हॉस्पिटलमध्ये नेलं तर पोलिस येतील आणि शेजाऱ्यांना कळेल असं सगळ्यांना वाटतं, म्हणून वर्षानुवर्षं घरातल्या घरात झाकत राहतात. (बाटली मात्र फोन केला कि घरपोच येते, ते सोडा.) उपचाराची माहिती गुप्त ठेवणं हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि माझ्याकडून व्यसनमुक्तीसाठी गेलेल्या कुणाच्या दारात त्यापायी पोलिस आलेले मी तरी पाहिले नाहीत.

आता मामांची मीटिंग. ही पद्धत अमेरिकेतली, व्हर्नन जॉन्सन नावाच्या पाद्र्याने रुळवलेली, घरच्यांनी तयारी करून एकत्र सामोरं जायचं. दुसरी पद्धत रॉबर्ट मेयर्स यांची, तिला क्राफ्ट म्हणतात, त्यात आधी घरच्यांनाच शिकवतात. १९९९ साली १३० घरच्या माणसांवर झालेला एक अभ्यास छापून आला, त्यात क्राफ्ट शिकलेल्यांकडे ६४ टक्के पिणारे उपचाराला आले, मीटिंगवाल्या गटात ३० टक्के, आणि अल-अ‍ॅनॉनच्या वाटेने गेलेल्यांत १३ टक्के (पण अल-अ‍ॅनॉन हा पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट, त्यांच्या स्वतःच्या आधारासाठी आहे, पिणाऱ्याला उपचाराला आणणं हा तिचा हेतूच नाही). गंमत म्हणजे मीटिंगवाल्या गटात बहुतेकांनी ती मीटिंग घेतलीच नाही, धीरच झाला नाही, ज्यांनी घेतली त्यांच्यात बरेचजण तयार झाले. पण ती तयारी करून घेतलेली मीटिंग होती. आपल्याकडे तयारी म्हणजे काय तर मामा आवाज चढवणार, दीर जुने पैसे काढणार, आणि तो तणतणत बाहेर जाऊन पिऊन येणार.

म्हणून क्राफ्टच्या वाटेने कामाला लागली सून. सकाळी सुपरवायझरला 'पोट बिघडलंय' असा फोन तीच करायची, तो पहिला बंद. रात्री पडला तर कुशीवर वळवायचं, उलटी श्वासात जाऊ नये म्हणून, पण फरशी सकाळी त्याची त्याने पुसायची. ज्या संध्याकाळी न पिता किंवा कमी पिऊन येईल त्या दिवशी सोबत जेवायचं, जुनं काही उकरायचं नाही. प्यालेला असेल तेव्हा वाद नाही, नुसतं आत निघून जायचं. सासूबाईंना हे फार जड गेलं, त्यांचं एकच, "अगं पण उपाशी झोपेल तो!" आम्ही शेवटी ताट झाकून ठेवायची परवानगी दिली, गरम करून द्यायची नाही.

आणि एक वाक्य पाठ करून घेतलं, माझ्यासमोर पाच-सहा वेळा बोलायला लावलं, कारण पहिल्यांदा ते टोमण्यासारखंच यायचं: "काल तुम्ही घरी होतात तर बरं वाटलं, तुम्हाला सकाळी त्रास होतो तो बघवत नाही, एका डॉक्टरांशी बोलून ठेवलंय, मी सोबत येते." हे कधी बोलायचं? तो स्वतः हरलेला असेल त्या सकाळी. तशी सकाळ आली पगार कापला गेला तेव्हा. तो म्हणाला, असं किती दिवस चालणार, आणि तिने ते वाक्य बोललं. अपॉइंटमेंट त्याच दिवशीची मिळाली, डॉक्टरांशी आधीच ठरवलेलं. उद्या म्हटलं असतं तर उद्या तो गेला नसता.

घरी कोंडून एकदम बंद करू नका, हेही बजावलं होतं. रोज सकाळपासून पिणाऱ्याची दारू अचानक थांबली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-चार दिवसांत भास, प्रचंड गोंधळ, ताप, जीवही जातो. त्याला अ‍ॅडमिट करून औषधांवर उतरवलं. नेण्याआणण्याचं काम मामांना दिलं, अट एकच, गाडीत भाषण नाही, आणि मामांनी ती पाळली बरं का.

मग सगळं छान झालं का? गणपतीत पुन्हा प्याला. पण यावेळी दोन दिवसांनी स्वतः डॉक्टरांना फोन केला.

गाडी पाठवून रात्री उचलून नेणाऱ्या केंद्रांचे फोन नंबर घरच्यांकडे असतात, त्यांच्या नादी लागू नका. इच्छेविरुद्ध दाखल करायला कायद्यात वाट आहे, पण त्याचा स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असला किंवा स्वतःची काळजीच घेता येत नसली तरच, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासून, आणि ३० दिवसांपर्यंत. घरात मारहाण होत असेल तर वरचं काही करत बसू नका, आधी तुम्ही आणि मुलं सुरक्षित जागी जा, गुजरातेत १८१ अभयम ही महिलांची हेल्पलाइन आहे. व्यसनाबद्दल विचारायचं असेल तर १४४४६ ही हेल्पलाइन, फोन घरच्यांनी केला तरी चालतो, त्याने करायची वाट बघू नका.