जेलमधून सुटलेल्या पोलिसाचं पोरांनी ऐकावं का?

प्रश्न : नमस्कार ताई, मी पोलीस भरतीचा क्लास चालवतो. आमची पोरं हल्ली न्यूयॉर्कच्या मायकल डाउड नावाच्या माजी पोलिसाच्या मुलाखती मोबाइलवर बघतात, ड्रगवाल्यांचे हप्ते खाऊन जेलमध्ये गेलेला माणूस, आणि बोलतो एवढा भारी की पोरं जाम इम्प्रेस. सुटल्यावर त्याला परत नोकरी मिळाली का? आणि अशा माणसाचं ऐकू द्यावं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ऐकू द्या दादा, पण तुम्ही सोबत बसा.

नोकरी परत मिळायचा प्रश्नच नव्हता, तिकडे गंभीर गुन्हा सिद्ध झाला की पोलिसाचं पद कायद्यानेच जातं. 1994 मध्ये 14 वर्षांची शिक्षा लागली, त्यातली बारा वर्षांच्या वर त्याने आत काढली. नंतर त्याच्यावर डॉक्युमेंटरी आली, मग पॉडकास्ट, मुलाखती, भाषणं.. म्हणजे आपण केलेले गुन्हे लोकांना सांगणं हेच आता त्याचं मुख्य काम. खोटं बोलतो असं मी म्हणत नाही, 1993 मध्ये मोलन कमिशनपुढे, म्हणजे न्यूयॉर्क पोलिसांतल्या भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या आयोगापुढे, शपथेवर त्याने बरंच कबूल केलंय, अगदी गस्तीच्या गाडीच्या डॅशबोर्डवर कोकेन ओढायचो इथपर्यंत.

पण पोरांना भुरळ पडते ती लाल कॉर्व्हेटची. ब्रुकलिनच्या 75व्या प्रिसिंक्टचा, म्हणजे ईस्ट न्यूयॉर्क भागातल्या ठाण्याचा साधा शिपाई ड्युटीवर स्पोर्ट्स कार घेऊन यायचा आणि वरचा एकही साहेब विचारत नव्हता की बाबा पगारात हे बसतं कसं! 1992 मध्ये पकडला तोसुद्धा त्याच्या स्वतःच्या खात्याने नाही, शेजारच्या सफोक काउंटीच्या पोलिसांनी. आणि जामिनावर सुटल्यावर पस्तावला म्हणाल तर तेही नाही, ड्रगवाल्यांसाठी एका बाईला पळवून न्यायचा आणि मग देश सोडून पळायचा प्लॅन चालू होता, त्याचा जुना पार्टनर केन युरेल अंगावर रेकॉर्डर लावून फिरला म्हणून तो प्लॅन फसला. त्या बाईचं काय झालं असतं हे पोरांना नक्की विचारा, मला तर ते ऐकून अजून राग येतो.

आणि एक माणूस त्यांना आवर्जून दाखवा, सार्जंट जो ट्रिंबोली. खात्यातल्या भ्रष्टाचाराचा तपास करणारा हा माणूस वर्षानुवर्षं डाउडच्या मागे होता, माहिती होती, खबरे होते, पण वरून ना माणसं मिळाली ना साथ, खात्याची बदनामी नको म्हणून सगळं दाबलं गेलं, आणि हे त्याने त्याच कमिशनपुढे उघड सांगितलं. डॉक्युमेंटरीत तोही बोलतो, पण मुलाखतींचा धडाका काही त्याच्या वाट्याला आला नाही. क्लासमध्ये लावणार असाल तर ट्रिंबोलीचा भाग आधी लावा, डाउडचा नंतर, आणि मग पोरांना विचारा की 75व्या ठाण्यात तुमची पहिलीच पोस्टिंग असती आणि बाजूला ती लाल गाडी येऊन थांबली असती, तर कोणाकडे गेला असता?