मल्टीथ्रेडिंग ऑप्शनला टाकलं तर चालेल का मॅडम?

सोलापूरहून एका मुलीचं पत्र आलंय, नाव देत नाही. प्रश्न मल्टीथ्रेडिंगचा आहे, म्हणजे एकाच प्रोग्राममधली अनेक कामं एकदम चालवणं, असं चालणारं प्रत्येक काम म्हणजे एक थ्रेड. बीई कॉम्प्युटरचं शेवटचं वर्ष, राहायला जुळे सोलापूर, पप्पांचं नवी पेठेत चादर-टॉवेलचं दुकान. ती लिहिते, "मॅडम, पुण्याच्या एका कंपनीचा कॅम्पस झाला. ॲप्टिट्यूड निघालं, टेक्निकलमध्ये जावा विचारलं, ओओपीचं सगळं नीट सांगितलं. मग सर म्हणाले, दोन थ्रेड एकच काउंट लाख-लाख वेळा वाढवतात, शेवटी किती येईल? मी दोन लाख म्हणलं. ते म्हणाले, नक्की? तिथून पुढं मी गप्पच झाले. आता मैत्रीण म्हणते जावा सोड पायथन कर, पप्पा म्हणतात बँकेची परीक्षा दे, आणि पुण्यातल्या एका क्लासवाल्यांचा सारखा फोन येतोय. मल्टीथ्रेडिंग ऑप्शनला टाकलं तर चालेल का?"

नाही चालणार. पण घाबरू नकोस, तू जेवढं समजतेयस तेवढा हा टॉपिक मोठा नाहीये, फ्रेशरला विचारतात तो भाग तर अजूनच छोटा आहे. तुझी अडचण वेगळीच दिसतेय मला. तू डेफिनेशन पाठ केल्यात, पण दोन थ्रेडचा प्रोग्राम स्वतःच्या लॅपटॉपवर चालवून त्याचं उत्तर चुकलेलं कधी बघितलेलं नाहीस, बघितलं असतंस तर "नक्की?" म्हणल्यावर गप्प बसली नसतीस. म्हणून आधी तोच प्रश्न घेऊ, करिअरचं नंतर.

काउंट प्लस प्लस ही आपल्याला एक ओळ दिसते, पण आत तीन कामं होतात. जुनी किंमत वाचायची, त्यात एक मिळवायचा, नवी किंमत परत लिहायची. आता तुमच्याच दुकानाचं घे, वहीत चादरींची शिल्लक 50 आहे, पप्पांनी आणि काकांनी एकाच वेळी वही बघितली, दोघांनी एक-एक चादर विकली, दोघांच्याही डोक्यात 49, आणि दोघांनीही 49 लिहून टाकलं. चादरी गेल्या दोन, वहीत कमी झाली एक. थ्रेडचं अगदी हेच होतं, त्याला रेस कंडिशन म्हणतात, आणि म्हणून उत्तर दोन लाखाच्या खाली कुठंही येऊ शकतं, दर रनला वेगळं येऊ शकतं, आणि कधीकधी नेमकं दोन लाखही येतं, खरा घोळ तिथंच आहे कारण टेस्टिंगला बरोबर आलेला कोड नंतर कस्टमरकडं जाऊन चुकतो.

हे आज रात्रीच करून बघ. एक क्लास, त्यात एक स्टॅटिक काउंट, दोन थ्रेड. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेव, नाहीतर मला लिहिशील की मॅडम माझं तर बरोबरच येतंय. एक, लूप शंभर-हजारचा ठेवू नकोस, कारण दुसरा थ्रेड सुरू व्हायच्या आतच पहिल्याचं काम उरकलेलं असतं आणि टक्कर होतच नाही, सरळ दहा लाख ठेव आणि चार-पाच वेळा रन कर. दुसरं, प्रिंट करायच्या आधी दोन्ही थ्रेडवर जॉइन बोलव, म्हणजे मेन थ्रेड त्यांची वाट बघेल, ते विसरलीस तर शून्य नाहीतर अर्धवट काहीतरी छापलं जाईल आणि तुला वाटेल हीच रेस कंडिशन.

मग दुरुस्ती. काउंट वाढवणारी मेथड स्टॅटिक सिंक्रोनाइझ्ड कर, एका वेळी एकच थ्रेड आत जाईल, उत्तर नेमकं येईल, थोडा वेळ जास्त लागेल. ते काढून ॲटॉमिक इंटिजर, म्हणजे ही तीन कामं एका दमात उरकणारा जावाचा तयार प्रकार, वापरून बघ, तेही नेमकं येईल. मग काउंटला नुसता व्होलाटाइल हा शब्द लावून बघ. चुकेल. हा इंटरव्ह्यूवाल्यांचा आवडता सापळा आहे, व्होलाटाइलमुळं एका थ्रेडनं लिहिलेलं दुसऱ्याला दिसतं एवढीच खात्री मिळते, वाचा-वाढवा-लिहा ही तीन कामं त्यानं एक होत नाहीत. व्होलाटाइलचा खरा उपयोग बघायचा असेल तर एक बुलियन (ट्रू-फॉल्स) फ्लॅग घे, एक थ्रेड तो फ्लॅग ट्रू होईपर्यंत रिकामा व्हाइल लूप फिरवतोय, मेन एक सेकंद झोपून तो ट्रू करतो. व्होलाटाइल नसेल तर बऱ्याचदा तो लूप थांबतच नाही, कारण जेआयटी, म्हणजे प्रोग्राम चालू असतानाच कोड वेगवान करणारा कंपायलर, म्हणतो की या लूपमध्ये तर फ्लॅग कुणी बदलत नाही, मग दरवेळी कशाला वाचू. आणि गंमत म्हणजे काय झालंय बघायला तू लूपमध्ये प्रिंट टाकलंस की तो बहुतेक वेळा थांबतो, प्रिंटलाइनच्या आत सिंक्रोनायझेशन आहे म्हणून. बग शोधायला गेलं की बग गायब, हे एकदा स्वतः बघितलेलं असलं की इंटरव्ह्यूत आवाजच वेगळा लागतो.

थ्रेडच्या स्टार्ट आणि रन या मेथडचा फरक तू पाठ केलाच असशील. पण दोन्हीकडं करंट थ्रेडचं नाव प्रिंट करून बघितलंस का? रन डायरेक्ट बोलावलंस तर नाव मेनच येतं, म्हणजे नवीन थ्रेड झालाच नाही, साधा मेथड कॉल झाला. स्टार्ट बोलावलंस तर थ्रेड-झिरो येतं. एकाच थ्रेडवर स्टार्ट दोनदा बोलावलं तर इललीगल थ्रेड स्टेट एक्सेप्शन. बास, यापेक्षा जास्त त्यात काही नाही. स्लीप आणि वेटचं पण तेवढंच, स्लीपमध्ये थ्रेड हातातलं लॉक, म्हणजे सिंक्रोनाइझ्डच्या आत जायची किल्ली, धरूनच झोपतो, वेटमध्ये सोडून देतो, आणि वेट फक्त सिंक्रोनाइझ्डच्या आत चालतं.

झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या नोट्समध्ये थ्रेडच्या पाच स्टेट असतात, न्यू, रनेबल, रनिंग, ब्लॉक्ड, डेड. विद्यापीठाच्या पेपरला ते लिही, मार्क पडतील. पण जावाच्या थ्रेड डॉट स्टेटमध्ये सहा आहेत, न्यू, रनेबल, ब्लॉक्ड, वेटिंग, टाइम्ड वेटिंग आणि टर्मिनेटेड, रनिंग नावाची वेगळी स्टेट तिथं नाहीच, ती रनेबलमध्येच धरलीये. इंटरव्ह्यूत सहा सांग. थ्रेड डॉट स्टॉप ही थ्रेड जबरदस्तीनं थांबवायची मेथड पण नोट्समध्ये अजून सापडेल, ते 1998 च्या जावा 1.2 पासूनच वापरू नका म्हणून सांगितलेलं आहे.

आता तुझ्या मनातला प्रश्न, की नोकरीत हे कुणाला लागतं. खरं सांगायचं तर न्यू थ्रेड असं हातानं लिहायची वेळ फार कमी येते. 2004 च्या जावा 5 मध्ये एक्झिक्युटर सर्व्हिस आली, तेव्हापासून थ्रेड पूल, म्हणजे आधीच तयार ठेवलेले थ्रेड, वापरतात, चार थ्रेडचा फिक्स्ड पूल कर, त्याला कामं दे, शेवटी शटडाउन कर, शटडाउन विसरलं तर प्रोग्राम संपतच नाही, एवढं तुला आलं पाहिजे. पण मूळ मुद्दा तो नाहीये. तू जॉइन झालीस की पहिल्याच महिन्यात तुला स्प्रिंग बूट या वेब फ्रेमवर्कमध्ये कंट्रोलर, म्हणजे युजरच्या रिक्वेस्टला उत्तर देणारा क्लास, लिहायला देतील, त्यात थ्रेड हा शब्द कुठंच नसेल. खाली मात्र टॉमकॅट हा वेब सर्व्हर बसलेला असतो आणि त्याच्या पूलमध्ये डिफॉल्टला 200 पर्यंत थ्रेड असतात, प्रत्येक रिक्वेस्ट वेगळ्या थ्रेडवर, आणि तुझ्या कंट्रोलरचा ऑब्जेक्ट सगळ्यांत मिळून एकच. तू त्या क्लासमध्ये वर एक इन्स्टन्स व्हेरिएबल घेऊन त्यात लॉगिन केलेल्या युजरचं नाव ठेवलंस की झालं, एकाचं नाव दुसऱ्याच्या स्क्रीनवर. तुझ्या लॅपटॉपवर तू एकटीच टेस्ट करतेस म्हणून कधीच दिसणार नाही. मेथडच्या आतलं लोकल व्हेरिएबल चालतं, कारण ते प्रत्येक थ्रेडच्या स्वतःच्या स्टॅकवर असतं. तर समोरचे सर काउंटचा प्रश्न विचारून हेच चाचपत होते, की या मुलीला "अजून कुणीतरी याच वेळी इथं हात घालतंय" हे सुचतं का.

डेडलॉकला, म्हणजे दोन थ्रेड एकमेकांच्या लॉकची वाट बघत अडकून बसतात त्याला, पण असंच कर. दोन लॉक, दोन थ्रेड, एक आधी पहिलं घेतो मग दुसरं, दुसरा उलटं, मध्ये थोडा स्लीप. प्रोग्राम अडकेल. अडकलेला असतानाच दुसऱ्या टर्मिनलवर जेपीएस कमांडनं प्रोसेस आयडी काढ आणि जेस्टॅक कमांड चालव, ते सरळ सांगतं की डेडलॉक सापडला, कोणता थ्रेड कोणत्या लॉकसाठी अडलाय ते ओळीसकट. मग दोन्हीकडं लॉक एकाच क्रमानं घे, सुटेल. प्रॉडक्शनला सर्व्हर हँग झाला की सीनियर लोक आधी थ्रेड डंपच, म्हणजे जेस्टॅकनं दिलेली हीच माहिती, मागतात, आणि तो वाचता येणारे फ्रेशर मला फार कमी भेटतात.

व्हर्च्युअल थ्रेडबद्दल कुणी विचारलं तर एवढं सांग की सप्टेंबर 2023 च्या जावा 21 मध्ये ते पक्के झाले, हलके असतात, लाखांनी करता येतात, डेटाबेस-नेटवर्कची वाट बघण्यात वेळ जातो तिथं कामाचे, नुसत्या आकडेमोडीला त्यानं वेग येत नाही. आणि रेस कंडिशन त्यातही होतेच. सुरुवात मात्र तिथून करू नकोस.

मैत्रिणीच्या पायथनचं. पायथन चांगलंच आहे, पण थ्रेडला कंटाळून तिकडं जाणार असशील तर जाऊ नकोस. नेहमीच्या पायथनमध्ये जीआयएल नावाचं एक मोठं कुलूप आहे, त्यामुळं एका वेळी एकच थ्रेड पायथनचा कोड चालवतो, तरीसुद्धा शेअर केलेला काउंट सुरक्षित राहील याची खात्री नाही, लॉक तिथंही लावावं लागतं. आणि 2024 च्या पायथन 3.13 मध्ये जीआयएल नसलेलं व्हर्जन प्रयोग म्हणून द्यायला सुरुवात झाली, म्हणजे हा विषय तिकडंही वाढतच जाणार. डेटा सायन्स खरंच करायचं असेल तर स्टॅटिस्टिक्स आवडतं का ते आधी स्वतःला विचार. एका इंटरव्ह्यूत अडलं म्हणून लँग्वेज बदलणारी मुलं सहा महिन्यांनी दोन्हीकडं अर्धवट असतात, हे मी फार बघते.

क्लासबद्दल थोडक्यात सांगते. पुण्यात राहण्या-खाण्याचा खर्च धरला तर फीपेक्षा तोच जास्त होईल, आणि तुला जे कमी पडतंय ते क्लासमध्ये शिकवत नाहीत. ओपनजेडीके, म्हणजे जावासाठी लागणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. फोनवर "शंभर टक्के प्लेसमेंट" म्हणतात ना, त्यांना म्हण की नोकरी नाही लागली तर फी परत असं लेटरहेडवर लिहून द्या. फोन आपोआप कमी होतील.

त्यापेक्षा एक प्रोजेक्ट कर, छोटासा. हुतात्मा एक्स्प्रेसचं बुकिंग समज, 50 सीट, आणि 200 थ्रेड एकदम बुक करायला येतात. आधी मुद्दाम चुकीचं लिही, सीट शून्यापेक्षा जास्त आहे का बघ आणि एक कमी कर, मध्ये एक मिलिसेकंदाचा स्लीप. सीट मायनसमध्ये जातील. मग ॲटॉमिक इंटिजर लाव, आणि बघ, तरी मायनसमध्ये जातील. कारण बघणं ॲटॉमिक आहे, कमी करणं ॲटॉमिक आहे, पण दोन्हीच्या मध्ये जी फट आहे तिच्यात दुसरा घुसतो. साध्या हॅशमॅपच्या जागी अनेक थ्रेडसाठी बनवलेलं कॉन्करंट हॅशमॅप टाकलं की सगळं सेफ झालं समजणारे इथंच फसतात. मग बघणं आणि कमी करणं दोन्ही एकाच लॉकच्या आत घे. तिन्ही व्हर्जन गिटहबवर टाक, रीडमीमध्ये प्रत्येकाचं आउटपुट आणि ते का आलं ते स्वतःच्या भाषेत लिही, इंग्लिश तोडकंमोडकं असलं तरी चालेल पण कॉपी-पेस्ट नको. रेझ्युमेवर नुसतं मल्टीथ्रेडिंग लिहिण्याऐवजी ही लिंक दे, मग समोरचे बहुतेक तुझ्या प्रोजेक्टवरच विचारतील, आणि तिथली उत्तरं तुला माहितीच असतील. रोज एक-दीड तास दिलास तर तीन-चार आठवड्यांत हे सगळं होतं.

पप्पा चुकीचं सांगत नाहीयेत, त्यांना खात्रीची नोकरी हवीये आणि मुलगी सोलापूरच्या जवळपास राहिली तर बरं, एवढंच असेल. त्यांच्याशी भांडू नकोस. त्यांना सांग की बँकांत आयटी ऑफिसरची पण पोस्ट असते, आयबीपीएसची स्पेशालिस्ट ऑफिसर परीक्षा, वय 20 ते 30, तुझी बीईची डिग्री त्याला चालते, आणि मेन्सला तुझ्याच विषयाचा पेपर असतो, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्किंग. प्रोसेस, थ्रेड, डेडलॉक तिथंही आहेतच, एमटेकसाठीच्या गेट परीक्षेच्या सिलॅबसमध्येही आहेत, त्यामुळं आत्ता केलेला अभ्यास कुठल्याच बाजूनं वाया जात नाही. ॲप्टिट्यूड तुझं निघतंय म्हणजे प्रिलिम्सची अर्धी तयारी आहे. जाहिरात आली की पात्रता एकदा नीट वाचून फॉर्म भर, कॅम्पस पण देत राहा, आणि रिझल्ट लागेपर्यंत दोन्हीपैकी एकही सोडलंय असं घरी म्हणू नकोस. सीटचा प्रोजेक्ट झाला की लिंक पाठव, मी बघते, दुसऱ्या व्हर्जनमध्ये सीट मायनसमध्ये का गेल्या तेवढं मात्र मोबाइलवर न शोधता सांगायचं.