न हलणाऱ्या बोळ्याचे साडेसात मीटर

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. विभागात प्राण्याची हालचाल कॅमेऱ्यातून टिपणारे ट्रॅकिंगचे सॉफ्टवेअर आले, कॅमेरा छताला बसला आणि पुढच्या आठवड्यात एलिव्हेटेड प्लस मेझवर, म्हणजे प्राण्याची चिंता जोखणाऱ्या त्या उंचावरच्या अधिक-चिन्हाच्या आकाराच्या मांडणीवर, तू पहिली बॅच घेणार आहेस, हे वाचून आनंद झाला. माझी पीएच.डी. स्टॉपवॉच हातात घेऊन पडद्याआड बसण्यात गेली, त्यामुळे या यंत्राचे मला तुझ्याहून अधिकच कौतुक आहे. तरीही मेझवर पहिला रॅट ठेवण्यापूर्वी एक काम कर. ओपन फील्ड चाचणीच्या, म्हणजे प्राण्याला मोकळे फिरू देण्याच्या, काळ्या पेटीत मधोमध रॅटएवढा पांढऱ्या कापसाचा बोळा ठेव आणि पाच मिनिटे ट्रॅकिंग चालू ठेव.

आम्ही हे फार उशिरा केले. गुंगी आणणाऱ्या औषधाचा डोस दिलेले रॅट कोपऱ्यात निपचित बसलेले डोळ्यांना दिसत होते आणि तक्त्यात मात्र त्यांनी कापलेले अंतर भरघोस येत होते. शेवटी वैतागून बोळा ठेवला, तर तो पाच मिनिटांत सात मीटरांहून अधिक 'चालला'. झाले होते ते असे. सॉफ्टवेअर रिकाम्या पेटीचे चित्र जपून ठेवते, प्रत्येक फ्रेम त्या चित्राशी ताडून पाहते आणि जिथे फरक दिसतो तिथले पिक्सेल एकत्र करून त्या आकाराचा मध्यबिंदू काढते. प्रकाश जरा थरथरला की आकाराच्या कडेचे पिक्सेल आतबाहेर होतात आणि मध्यबिंदू जागचा सरकतो. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर पाच मिनिटांत ७,५०० फ्रेम होतात. दर फ्रेमला बिंदू एकच मिलिमीटर सरकला तरी साडेसात मीटर भरतात. आमच्याकडे मूळ दोष निघाला तो दिव्यांचा: आपली वीज ५० हर्ट्झची आणि कॅमेऱ्याचे सेटिंग ६० हर्ट्झचे राहिलेले, त्यामुळे ट्यूबलाइटचा प्रकाश चित्रात सतत लहरत होता. हे खोटे अंतर पळणाऱ्या प्राण्याच्या आकड्यात लपून जाते, पण बसून राहिलेल्या प्राण्याच्या माथी पूर्ण पडते; म्हणजे जो परिणाम तुला दाखवायचा आहे तोच झाकला जातो.

यावर उपाय म्हणून ठरावीक मर्यादेखालची हालचाल मोजायची नाही, असे सॉफ्टवेअरला सांगता येते. ती मर्यादा मात्र अंदाजाने ठेवू नकोस. आधी दिवे आणि कॅमेऱ्याचे सेटिंग दुरुस्त कर, मग बोळ्याचे अंतर जवळजवळ शून्यावर येईल एवढीच मर्यादा ठेव, आणि त्यानंतर तोच बोळा दोरा बांधून पट्टीने मोजलेल्या एक मीटरच्या रेषेवरून सावकाश ओढ. तिथे आकडा एक मीटरच्या आसपास आला नाही, तर कॅलिब्रेशन पुन्हा कर.

हा खटाटोप आधीच करायचा, कारण प्लस मेझ एका प्राण्यावर एकदाच नीट चालतो. एकदा मेझ पाहिलेल्या रॅटवर दुसऱ्या वेळी डायझेपामचा चिंता कमी करणारा परिणाम दिसेनासा होतो, हे या चाचणीचे जुने दुखणे आहे. बॅच वाया गेली तर तेच प्राणी पुन्हा वापरता येत नाहीत आणि नव्या प्राण्यांसाठी प्राणी नीतिमत्ता समितीपुढे जाऊन उभे राहावे लागते.

आता मेझविषयी. त्याच्या चार आर्मपैकी, म्हणजे फाट्यांपैकी, दोन उघडे (ओपन) आणि दोन भिंतींनी बंद; चिंता कमी झालेला प्राणी ओपन आर्ममध्ये अधिक जातो. पेलो आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये ही चाचणी रॅटवर पडताळून मांडली, तेव्हापासून चारही पाय आत गेले म्हणजे आर्ममध्ये प्रवेश झाला, अशी मोजणी रूढ आहे. सॉफ्टवेअरला पाय दिसत नाहीत. त्याला शरीराचा मध्यबिंदू दिसतो. मधला चौक १० सेंटिमीटरचा आणि मोठ्या रॅटचे शेपटीशिवायचे अंग सुमारे २० सेंटिमीटरचे, म्हणजे तो त्या चौकात पुरता मावतच नाही. मागचे पाय बंद आर्ममध्ये रोवून, पोट जमिनीला लावून, नाक ओपन आर्ममध्ये ताणत तो हुंगतो आणि झटकन मागे येतो. हे धास्तावलेल्या प्राण्याचे चाचपणे आहे. पण तेवढ्यात मध्यबिंदू रेषेवर दोन-तीनदा डुलला तर तुझ्या तक्त्यात ओपन आर्मचे दोन-तीन प्रवेश जमा होतात आणि औषध गुणकारी ठरते! म्हणून रेषेपलीकडे बिंदू किती आत गेल्यावर प्रवेश धरायचा, हे पहिल्या प्राण्याआधी वहीत लिहून तारीख घाल. निकाल पाहून रेषा सरकवणे हा मोह आहे, आणि माउसच्या एका ओढीत ती सरकते.

पहिले दहा व्हिडिओ तू स्वतः आणि गट ठाऊक नसलेला एक सहकारी, असे दोघांनी हाताने मोजा आणि मग यंत्राशी ताडा. फाइलच्या नावात डोस लिहू नकोस. मूळ व्हिडिओ पुसू नकोस. आज मध्यबिंदूवर मोजलेले उद्या नाक, कान आणि शेपटीचे मूळ वेगवेगळे ओळखणाऱ्या, २०१८ मध्ये आलेल्या डीपलॅबकटसारख्या साधनाने पुन्हा पाहता येईल.

पुढे तू मॉरिसच्या वॉटर मेझकडे, म्हणजे हौदात पाण्याखाली दडलेला फलाट शोधायला लावून स्मरण जोखणाऱ्या चाचणीकडे, वळणार आहेस, असे लिहिले आहेस. तिथे मात्र ट्रॅकिंगवाचून मी आता कोणाचा निकाल मानत नाही. नुसते स्टॉपवॉच एवढेच सांगते की प्राण्याला पाण्याखालच्या फलाटावर पोहोचायला वेळ लागला. तो विसरला, संथ पोहला, काठाकाठाने फिरत राहिला की माइस, म्हणजे लहान उंदीर, पुष्कळदा करतात तसा नुसता तरंगत राहिला, हे मार्गाची लांबी आणि वेग पाहिल्याशिवाय कळत नाही. फलाट काढून घेतलेल्या फेरीत हौदाच्या चार भागांपैकी फलाट जिथे होता त्या भागात २५ टक्के वेळ तर निव्वळ योगायोगानेही जातो, हे तक्ता वाचताना ध्यानात ठेव.

एक बारीक गोष्ट राहिली. दोन प्राण्यांमध्ये मेझ अल्कोहोलने पुसलास की तो पूर्ण वाळू दे. ओल्या पृष्ठभागावर दिवा चमकतो, आणि आमच्या एका फाइलमध्ये रॅट बंद आर्ममध्ये बसलेला असताना सॉफ्टवेअर सव्वा मिनिट त्या चमकेच्याच मागे होते.

बोळ्याची पहिली फाइल, जशी येईल तशी, मला पाठव.

तुझे,
सर