'ऑन' केलेली सर्व्हिस वीज जाऊन आल्यावर का उठत नाही?

प्रश्न: आमच्या दूध संघाच्या लिनक्स सर्व्हरवर बिलिंग, एसएमएस, बॅकअप अशा आम्हीच लिहिलेल्या सर्व्हिसेस आहेत. ऑफिसातल्या मुलांना सोपं जावं म्हणून मी एकच कमांड केली: सर्व्हिसचं नाव आणि पुढे 'ऑन' किंवा 'ऑफ'. आतून ती सिस्टिमसीटीएलचं (लिनक्समधल्या सर्व्हिसेस हाताळणाऱ्या कमांडचं) 'स्टार्ट' आणि 'स्टॉप' चालवते. पण वीज जाऊन आली की एखादी सर्व्हिस बंदच राहते आणि मुलं म्हणतात, 'आम्ही तर ऑन केली होती.' काय बदलू?
– एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर: मुलांचं बरोबर आहे. आत्ता चालू करणं आणि मशीन सुरू होताना आपोआप उठणं ही दोन वेगळी कामं आहेत. तुमचं 'ऑन' त्यातलं पहिलंच करतं. सिस्टिमसीटीएलमध्ये दुसऱ्यासाठी 'एनेबल' आहे, पण नुसत्या एनेबलनं आत्ता काहीच चालू होत नाही. दोन्ही एकदम हवं असेल तर त्याला 'नाऊ' हा पर्याय जोडावा लागतो. सोलारिस 10 या युनिक्स सिस्टिममध्ये (2005) एसव्हीसीएडीएम या तशाच कमांडनं उलट केलं: एनेबल म्हणजे आत्ताही चालू आणि रीबूटनंतरही, तात्पुरतं हवं असेल तर तसं वेगळं सांगायचं. तुम्ही हीच रीत घ्या. रात्री वीज गेल्यावर सर्व्हर बघायला कुणी नसेल, तर 'ऑन' कायमचंच असायला हवं. 'ऑफ'ही तसंच. दुरुस्तीपुरतं थांबवायला 'तात्पुरतं' असा पर्याय द्या.

आता स्टेटस. माझ्या मते कमांडची खरी परीक्षा इथेच होते. 'बिलिंग: बंद' एवढ्यावर मुलगा काय करणार? असं छापा:

बिलिंग: बंद. रात्री 2.14 ला पडली, डेटाबेसशी जोडणी झाली नाही. रीबूटनंतर: उठेल.

स्क्रिप्टसाठी एक्झिट कोडही (कमांड संपताना परत देते तो आकडा) नीट द्या: चालू असेल तर 0, चालू नसेल तर 3. सिस्टिमडीच्या आधी सर्व्हिसेस चालू-बंद करणाऱ्या इनिट स्क्रिप्टसाठी एलएसबी या लिनक्स मानकानं ठरवलेला हा संकेत सिस्टिमसीटीएलचं स्टेटसही पाळतं. त्यामुळे तुमच्या मॉनिटरिंगला छापलेला मजकूर चाळत बसावं लागणार नाही.

एररच्या बाबतीत फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या सिस्टिमकडून शिका. तिथे एनेबल न केलेली सर्व्हिस स्टार्ट करायला गेलात तर कमांड नकार देते, पण लगेच सांगते की आरसी डॉट कॉन्फ या सेटिंग फाइलमध्ये अमुक ओळ 'येस' करा, नाहीतर 'स्टार्ट'ऐवजी 'वनस्टार्ट' वापरा. रात्री दोनला फोन न करता माणूस पुढचं पाऊल टाकू शकतो. मला हा संदेश फार आवडतो.

क्रियापद आधी आणि नाव नंतर ठेवा, म्हणजे 'रीस्टार्ट बिलिंग एसएमएस' असं एका दमात चालेल. माझी उमेदवारी इनिट स्क्रिप्टच्या काळातली. तेव्हा प्रत्येक सर्व्हिसची स्क्रिप्ट वेगळी. एखादीला 'रीलोड' कळायचं, दुसरीत 'स्टेटस'च नसायचं. तुमच्याकडे ही क्रियापदं एकाच जागी लिहा आणि प्रत्येक सर्व्हिसला सगळी लागू करा.

आतून सिस्टिमसीटीएल वापरताय ते सोडू नका. पीआयडी फाइल (चालू प्रोसेसचा क्रमांक ठेवणारी) सांभाळणं, पडलेली सर्व्हिस पुन्हा उठवणं हे सिस्टिमडीकडेच, म्हणजे सिस्टिमसीटीएल ज्याला हुकूम देतं त्या प्रोग्रॅमकडेच राहू द्या. सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये (तिच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) 'रीस्टार्ट'ला 'ऑन-फेल्युअर' लिहिलं की पुरे.